सदुसष्ट टक्के ‘बरे’

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

निवृत्तीनंतर माणसाने काय करू नये याची यादी केली, तर त्यात ‘सेवाभावी संस्थेला मदत’ सर्वांत वर येईल. आज तेच कबूल करून आलो.

या संस्थेची आदिवासी मुलांसाठी चार वसतिगृहं आहेत. दोन शहराजवळ, दोन पेठ गावाच्या पुढे डोंगरात. प्रश्न असा की, तिथली स्वयंपाकघरं चालू ठेवायची की एका ठेकेदाराकडून गाडीने जेवण मागवायचं. मुलांना जेवण कसं वाटतं ते विचारून ठरवणार म्हणे. सचिव हर्षालीमॅडम, वय पस्तीसच्या आसपास, पुण्याहून एमबीए. ‘डेटा आपल्याशी बोलतो’ हे वाक्य त्यांनी तासाभरात चार वेळा ऐकवलं. मी बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, माझ्याशी तो एकदाही बोललेला नाही.

मग त्यांनी गेल्या वर्षीचा आलेख दाखवला. मुलांची उत्तरं पाच प्रकारची आणि प्रत्येक वसतिगृहाची एक आडवी पट्टी, पाच रंगांत. कल्पना ठीक. पण पट्टीत क्रम कसा? अतिशय वाईट, उत्तम, चांगले, बरे, वाईट! ‘अतिशय वाईट’च्या मांडीला मांडी लावून ‘उत्तम’ बसलेलं. मी विचारलं, “हा क्रम कोणी लावला?” तर म्हणाल्या, “सॉफ्टवेअरने आपोआप लावला, सर.” सॉफ्टवेअर दुसरं काय करणार? त्याला अ आधी आणि व शेवटी एवढंच कळतं. वाईट, बरे, चांगले यांच्यातलं अंतर मोजता येत नसलं तरी त्यांना क्रम असतो, आणि तो आपण हाताने लिहून द्यावा लागतो. नाहीतर पट्टीची गोधडी होते. त्या गोधडीवर समितीने वर्षभर चर्चा केली!

काम घेतलं. निदान एक तरी गोष्ट या शहरात धड व्हावी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सर्वेक्षकांना फॉर्म समजावला. तीन इंजिनिअरिंगची पोरं, त्यांचा म्होरक्या अमित. चौथी पल्लवी भोये, सुरगाण्याकडची, अर्थशास्त्रात एम.ए. करते. पोरांचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. पल्लवी वही घेऊन बसली होती, तर तिचं निराळंच. हात वर करून म्हणे, “सर, आमच्याकडची मुलं अशी बोलत नाहीत. ती वेगळं—”

मी म्हटलं, “मुलं कशी बोलतात हा मराठीच्या विभागाचा विषय आहे. आपल्याला पाचांपैकी एका चौकोनात टिक हवी. कडेला काही लिहायचं नाही.”

ती खाली बसली. ज्याला त्याला आपलं गाव जगावेगळं वाटतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

फॉर्म आले. तीनशे सोळा. त्यातल्या एकावर चहाच्या कपाचं गोल.

आर नावाचं सॉफ्टवेअर मी साठीनंतर एकट्याने शिकलो. आज पाच पातळ्यांचा क्रम एका ओळीत लिहून दिला आणि पट्ट्या निमूट ओळीने उभ्या राहिल्या. डावीकडे विटकरी, उजवीकडे निळा, मध्ये ‘बरे’साठी राखाडी. हर्षालीमॅडमना लाल-हिरवा हवा होता. शंभरातल्या सात-आठ पुरुषांना त्या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही, म्हणून सांगितलं. तर म्हणतात, “पण आपल्या समितीत तसं कोणी नाहीये, सर.” कसं कळलं? रंग विचारून भरती केली का समिती?

सौ.ला बोलावून पट्ट्या दाखवल्या. म्हणाली, “छान आहे. पण हे राखाडी एवढं का?” म्हटलं, मुलांना जेवण ‘बरे’ वाटतं म्हणून. “मुलं कधी ‘बरे’ म्हणतात का?” असं पुटपुटत गॅस बंद करायला गेली. छत्तीस वर्षं माझ्या घरात राहून हिला नमुना निवड म्हणजे काय ते ठाऊक नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चोरी पकडली.

सर्वेक्षकागणिक वेगळी पट्टी काढली. ही तपासणी करायची हुशारी या शहरात फार तर दोघांकडे असेल. पेठपलीकडचं पहिलं वसतिगृह घेतलं, ऐंशी मुलं, चौघांना वीस-वीस वाटून दिलेली. अमित आणि त्याचे दोघे मित्र यांच्या पट्ट्या जवळपास सारख्या. साठांपैकी चाळीस ‘बरे’, चौदा चांगले किंवा उत्तम, सहा वाईट. पल्लवीची पट्टी मात्र जवळजवळ सगळी निळी! विसांपैकी सोळा ‘उत्तम’. पलीकडच्या दुसऱ्या वसतिगृहातही तोच प्रकार. शहराजवळच्या दोन्हींत मात्र तिच्यात आणि पोरांत काही फरक नाही.

तीन स्वतंत्र साक्षीदार एक सांगतात आणि चौथा भलतंच, तर खोटं कोण बोलतंय हे सांगायला पदवी लागत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

पल्लवीला फोन केला. आकडे सांगितले आणि विचारलं, “हे कसं?”

“सर, मुलं म्हणाली तेच मी—”

“या पहिल्या वसतिगृहात तू शिकलीस, असं हर्षालीमॅडम म्हणाल्या. खरं?”

“हो सर. आठवी ते बारावी.”

“म्हणजे तिथल्या बायकांच्या हातचं खाऊन मोठी झालीस.”

“भागीबाईंच्या, हो. सर, एकदा फॉर्मच्या कडेला बघा ना. मी तिथं—”

“कडेला लिहायचं नाही, हे मी सांगितलं होतं.”

मग “ठीक आहे, सर” म्हणाली आणि फोन ठेवला. रडली वगैरे नाही. निर्ढावलेली आहे. तिचे एकोणऐंशी फॉर्म पिशवीत घालून माळ्यावर टाकले.

८ ऑक्टोबर, बुधवार

समितीची बैठक. सादरीकरण अप्रतिम झालं, हे मीच लिहितो, कारण दुसरं कोणी म्हणालं नाही. ‘चांगले’ आणि ‘उत्तम’ मिळून पट्टीच्या निम्म्यापेक्षा कमी असतील तिथलं स्वयंपाकघर बंद करावं, ही रेघ मीच सुचवली होती. शहराजवळची दोन्ही वसतिगृहं रेघेच्या वर. डोंगरातली दोन्ही बरीच खाली. पहिल्यात सदुसष्ट टक्के ‘बरे’.

अध्यक्ष रावजीअण्णा, दिंडोरीचे, वय ऐंशीच्या वर. आलेख बराच वेळ बघत होते. म्हणाले, “भागीबाईचं जेवण मी खाल्लंय. मला नाय असं वाटलं.” हर्षालीमॅडमनी गोड आवाजात सांगितलं, “अण्णा, आपल्याला काय वाटतं ते नको, डेटा बघू.” पहिल्यांदाच त्यांचं वाक्य मला पटलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेकेदाराची गाडी सुरू. डोंगरातल्या सहा बायकांना कामावरून कमी करणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एक बारीकशी गोष्ट. फॉर्ममध्ये ‘भाजी-वरण परत घेतलं का?’ असाही प्रश्न होता. जेवण जितकं चांगलं वाटेल तितकं परत घेणं वाढायला हवं. पण त्या पहिल्या वसतिगृहात ‘बरे’ म्हणणाऱ्या चाळिसांपैकी तेहतिसांनी परत घेतलं आणि ‘चांगले’-‘उत्तम’ म्हणणाऱ्या चौदांपैकी फक्त सहांनी.

मुलं आहेत. काहीही करतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सौ.ने ओवाळलं. अनारसे बिघडले. विचारलं तर ‘बरे झालेत’ म्हणालो. तिने ताट उचलून नेलं.

तेहतीस आणि सहा डोक्यातून जात नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हर्षालीमॅडमचा फोन. त्या पहिल्या वसतिगृहातल्या बायका स्वयंपाकघराची किल्ली देत नाहीत. ठेकेदाराची गाडी सोमवारी यायची आहे. “सर, तुम्ही येऊन आलेख समजावून सांगा. डेटा दिसला की त्या ऐकतील.” पाचवीसुद्धा न शिकलेल्या बायकांना मी टक्केवारी समजावायची! परवा जायचं ठरलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सावळघाटात गुडघा आखडला. अकराला पोचलो. हर्षालीमॅडमनी माझा आलेख सहा फुटी फ्लेक्सवर छापून आणला होता. खाली ठळक अक्षरांत ‘विश्लेषण : प्रा. वाल्मीक बोरस्ते’. जेवणाच्या खोलीत तो खिडकीच्या गजांना सुतळीने बांधला. मुलांची पंगत बसायची होती. तीन बायका भिंतीशी उभ्या. पुढची भागीबाई. पन्नाशीची, बारकी, एकोणीस वर्षं इथे चुलीपाशी. किल्ली कनवटीला.

आधी जेवा म्हणाल्या. नागलीची भाकर, उडदाचं वरण, भात, खुरासणीची चटणी. मी वरण दोनदा घेतलं. भूक लागली होती.

मग मी फ्लेक्सपाशी उभा राहून बोलायला लागलो. डावीकडचा रंग वाईट, उजवीकडचा चांगला. भागीबाईने मधेच थांबवलं.

“ते राहू द्या, सर. काम जाईल तर जाईल, आम्ही निफाडला द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाऊ. मला एवढंच सांगा, पोरं काय बोलली?”

मी राखाडी भागावर बोट ठेवलं. “बहुतेक मुलं म्हणाली, बरं आहे.”

“बरं?”

“म्हणजे मध्यम. चांगलंही नाही, वाईटही नाही.”

तिने त्या राखाडीकडे पाहिलं. पट्टीची दोनतृतीयांश लांबी होती ती. “माझी पोरं असं बोलली?” असं एकदाच म्हणाली आणि कनवटीची किल्ली काढून हर्षालीमॅडमपुढे धरली.

मॅडमनी हात पुढे केलाही होता. मला वाटलं, मुलांच्याच तोंडून ऐकवावं, म्हणजे या बाईला पटेल. ताट घेऊन आलेल्या सहावीतल्या एका मुलाला विचारलं, “काय रे, जेवण कसं असतं?”

“बेस आहा.”

“बघा,” मी म्हटलं. “बेस. म्हणजे बरं.”

अख्खी पंगत हसली. हसू थांबेना. शेवटी नववीतली एक मुलगी उभी राहिली. “सर, बेस म्हणजे एकदम मस्त. त्याच्या वर आमच्यात काही नाही.”

मी तिथूनच अमितला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला, कारण अजूनही वाटत होतं की तो मला सोडवेल.

“अमित, मुलांनी ‘बेस’ म्हटलं तर तुम्ही कुठे टिक केलीत?”

“‘बरे’मध्ये, सर. डोंगरातली सगळी पोरं बेस-बेस करत होती. अर्थ कळेना, मग आम्ही तिघांनी ठरवूनच ‘बरे’त टाकलं. म्हणजे डेटा एकसारखा येईल. पल्लवी ‘उत्तम’मध्ये टाका म्हणत होती, पण तुम्ही म्हणाला होतात ना, मुलं कशी बोलतात तो आपला विषय नाही.”

फोन बंद केला. खोलीत कोणी हसत नव्हतं. भागीबाई माझ्याकडे बघत होती. त्या वेळी म्हणायला हवं होतं की, बाई, चूक झाली, माझी झाली. मी म्हणालो, “हे तपासावं लागेल,” आणि गाडीत जाऊन बसलो. हर्षालीमॅडम मागून आल्या. त्यांच्या हातात किल्ली होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पिशवी माळ्यावरून काढली. डोंगरातल्या प्रत्येक फॉर्मच्या कडेला पल्लवीने पेन्सिलीने मुलाचे शब्द लिहिलेत. ‘बेस.’ ‘लय बेस.’ एकावर ‘बेस नाही, पाणीच जास्त’, आणि टिक ‘वाईट’ला. खोटं लिहिणारी मुलगी एवढं कशाला लिहील? ज्याला मी चोरी म्हणालो तोच या सगळ्या ढिगातला खरा भाग होता. आणि तीन स्वतंत्र साक्षीदार! तिघांनी आपसांत ठरवलेली एकच साक्ष.

अक्षरांच्या क्रमाने आलेख काढणाऱ्या बाईला मी महिनाभर हसलो. तिच्या आलेखाने निदान कोणाची चूल विझवली नव्हती.

पल्लवीला सहा फोन केले. उचलले नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

पल्लवीने उचलला. मी म्हटलं, “माझं चुकलं.” ती म्हणाली, “सर, मी तीन वेळा सांगायला गेले.” मी म्हटलं, दोनदा. ती म्हणाली, “एकदा घरी आले होते. तुम्ही झोपला होतात. बाईंना सांगून गेले.”

सौ.ला विचारलं. म्हणाली, “आली होती. तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही पेपर वाचत होतात.”

१७ नोव्हेंबर, सोमवार

हर्षालीमॅडमच्या ऑफिसात तासभर बसलो. आजपासून गाडी सुरू झाली. त्या म्हणतात, “सर, अहवाल मंजूर झालाय. एका शब्दावरून मागे कसं जायचं?” म्हटलं, त्या एका शब्दावरच अख्खी पट्टी उभी आहे. “पण आलेख किती क्लिअर आला होता,” म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. आलेखाबद्दल.

घरी येऊन समितीला पत्र लिहिलं. अहवाल मी मागे घेत आहे, तो चुकीचा आहे, चूक सर्वेक्षकांची नसून माझी आहे, पल्लवी भोये यांचे फॉर्म मी न वाचता बाद केले. चार मसुदे झाले. पहिल्या तिन्हींत ‘तांत्रिक त्रुटी’ हा शब्द होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

समितीने पत्र वाचलं. मुलं गाडीचं गार जेवण निम्मं टाकतात, हा निरोपही तोवर आला होता. दोन्ही स्वयंपाकघरं परत सुरू करायची आणि मुलांना पुन्हा विचारायचं, असं ठरलं. हर्षालीमॅडमनी आधी हात वर केला नाही, मग केला.

सगळे उठल्यावर रावजीअण्णांनी मला थांबवलं. “बोरस्ते, तुम्हाला बेस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं?”

“नाही, अण्णा.”

“निफाडचे ना तुम्ही? द्राक्षबाग हाय ना घरची?”

“हो. भाऊ बघतो.”

“मग तुमच्या बागेत ही डोंगरातली माणसं कधीपासून येतात?”

मी म्हटलं, माझ्या लहानपणापासून.

ते काठी घेऊन जिना उतरायला लागले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

बाकीच्या पाच बायका कामावर परतल्या. भागीबाई नाही. ती गाडी सुरू झाली त्याच आठवड्यात नवऱ्याबरोबर निफाडला विरळणीला निघून गेली. संस्थेने फोनवर निरोप दिला म्हणे. मला तेवढ्यावर राहवेना. भावाकडून माहिती काढत काढत सापडली. भावाच्या बागेत नाही, पण तिथून फार तर दोन कोस.

मांडवाखाली हात वर करून ओळीने बायका उभ्या, घडातले मणी कात्रीने कमी करत. मला बघून तिने कात्री कमरेला खोचली.

मी रस्त्यात पाठ केलेलं बोललो. चूक माझी होती. मुलांनी ‘बेस’ म्हटलं होतं. ऐंशीतल्या छप्पन्न मुलांनी. चाळीस त्या तिघा सर्वेक्षकांच्या फॉर्मवर आणि सोळा पल्लवीच्या.

“छप्पन्न,” ती म्हणाली. “आणि राहिलेली?”

काय सांगू? म्हटलं, “काहींनी चांगलं म्हटलं. आठजणांनी वाईट.”

“त्यांना वरण पातळ लागलं असंल. त्या महिन्यात डाळच कमी आली होती.” मग म्हणाली, “माझी पोरं कशी बोलतात ते मला ठावं आहा, सर. पण त्या दिवशी तुम्ही एवढा मोठा कागद लावला, मग मलाही वाटलं, बोलली असतील.”

परत कधी येणार, विचारलं. मुकादमाला फेब्रुवारीपर्यंत शब्द दिलाय, मोडता येत नाही. मग बघू. पलीकडून मुकादमाची हाक आली. तिने कात्री काढली. मला जा म्हणाली नाही, थांबाही म्हणाली नाही. बांधावरून गाडीपर्यंत येताना दोनदा घसरलो.

भाऊ म्हणाला, “दादा, इतक्या वर्षांत तू बागेत आज पहिल्यांदा मजुराशी बोललास.” काहीही बोलतो. लहानपणी बोललोच असेन.

७ डिसेंबर, रविवार

पल्लवी आली. नवा फॉर्म ती करणार, अहवालावर तिचं नाव आधी, आणि सर्वेक्षकांना तीच शिकवणार. या तिच्या अटी. मी मान्य केल्या. आलेख मी काढणार. तेवढं ठेवलंय तिने माझ्याकडे.

सौ.ने तिला पोहे दिले. दोघींचं माझ्यासमोर असं काही बोलणं चाललं की जणू मी खोलीत नव्हतोच.

मग तिने टेबलावर पाच चिठ्ठ्या मांडल्या. दोन्ही वसतिगृहांत चार दिवस बसून मुलांच्या बोलण्यातून निवडलेले पाच शब्द. म्हणाली, “सर, सॉफ्टवेअरला क्रम द्यायच्या आधी तुम्ही लावून बघा. सगळ्यांत वाईट डावीकडे.”

‘बेस’ उजव्या टोकाला ठेवला. उरलेल्यांतले दोन शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. ते अंदाजाने ठेवले. बत्तीस वर्षं क्रम शिकवलाय, अंदाज काही वाईट नसतो.

तिने पाहिलं. चिठ्ठ्या गोळा केल्या, पिसल्या आणि परत माझ्यापुढे टाकल्या.

“पुन्हा, सर.”

दुसऱ्या वेळी एकच जोडी उलटी आली. तिने पुन्हा पिसल्या. सौ. दारात उभी राहून बघत होती. मी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा लावायला घेतल्या.